अनुभव धागा: पहिल्या वर्षाची केमिस्ट्री आणि ते १०.२

परवा माळा आवरताना माझं एफ.वाय.बी.एस्सी.चं केमिस्ट्रीचं जर्नल सापडलं, १९९६ सालचं. उघडलं तर समोरच पोटॅशियम परमँगनेट विरुद्ध ऑक्झॅलिक ॲसिडचं टायट्रेशन: ब्युरेटमधून, म्हणजे रेघांच्या उभ्या नळीतून, फ्लास्कमधल्या ऑक्झॅलिकमध्ये परमँगनेट थेंब थेंब सोडायचं आणि फिकट गुलाबी रंग टिकला की किती मिली लागलं ते लिहायचं. तीन रीडिंगं: १०.२, १०.२, १०.२. खाली सरांची सही. आणि मला स्वच्छ आठवतंय, त्या दिवशी माझ्या फ्लास्कमध्ये तो फिकट गुलाबी रंग आलाच नव्हता. तपकिरी गढूळ पाणी झालं होतं.

दहावीपर्यंत मी मराठी माध्यमात. संयुजा, क्षपण, उत्प्रेरक हे शब्द तोंडपाठ, पण कॉलेजात प्रत्येक वाक्य आधी मनात मराठीत आणायचं आणि तोवर फळा पुसलेला असायचा. नॉर्मॅलिटी आणि मोलॅरिटी या द्रावणाच्या तीव्रतेच्या दोन मापांतला फरक दिवाळीपर्यंत कळला नाही. ०.१ नॉर्मल परमँगनेट म्हणजेच ०.०२ मोलर का, तर आम्लात एक मँगनीज पाच इलेक्ट्रॉन घेतो म्हणून. हे टी.वाय.च्या एका ताईने कॅन्टीनच्या टेबलावर पाच शेंगदाणे मांडून दाखवलं. गढूळपणाचं कारणही तिनेच सांगितलं: सल्फ्युरिक ॲसिड कमी पडलं होतं. शिवाय मी ऑक्झॅलिक तापवलंच नव्हतं. ते ६०-७० अंशांपर्यंत तापवायचं, तरीही पहिल्या थेंबांचा रंग जायला वेळ लागतो. मग परमँगनेटपासून जे मँगनस (मँगनीजचं क्षपण झालेलं रूप) तयार होतं तेच उत्प्रेरकाचं काम करतं आणि पुढचे थेंब पडताक्षणी विरतात. पुढच्या आठवड्यात पुन्हा करून पाहिलं, तेव्हा तो पाठ केलेला शब्द पहिल्यांदा डोळ्यांनी दिसला.

तर तुमचं सांगा. पहिल्या वर्षी केमिस्ट्री कुठे अडली, कशी सुटली? प्रयोग न जमताही ठरलेलं १०.२ कुणी कुणी लिहिलं, तेही कबूल करा.

सोलापूर, इंजिनीअरिंग
आम्हाला केमिस्ट्री एकच सेमिस्टर, त्यामुळे कुणी मनावर घेत नसे. फक्त पाण्याच्या कठीणपणाचं प्रॅक्टिकल लक्षात आहे. होस्टेलच्या बोअरचं पाणी बाटलीत भरून नेलं होतं, ज्या पाण्यात साबणाला फेस येत नसे तेच. कठीणपणा मोजायचं ईडीटीएचं द्रावण ब्युरेटमधून सोडत राहिलो, वाइन रेडचा निळा होईचना. आधी वाटलं पाणीच इतकं वाईट आहे. पार्टनर म्हणाला, "बफर घातलास का?" पीएच स्थिर ठेवणारं ते द्रावण, नव्हतं घातलं.

अमेरिका, मिडवेस्ट
मी इथे पीएच.डी.ला आले आणि पहिल्याच सेमिस्टरला जनरल केमिस्ट्रीच्या लॅबवर टीए (टीचिंग असिस्टंट) म्हणून उभी राहिले. पोरं बहुतेक मेडिकलला जाणारी, अर्ध्या मार्कासाठी मेल लिहिणारी. मी सवयीने पिपेट, म्हणजे द्रावण मोजून ओढायची नळी, तोंडाला लावायला गेले आणि अख्खा वर्ग ओरडला. गावाकडे आम्ही सगळेच तोंडाने ओढायचो, गॉगल तर पाहिलेलाही नव्हता. दुसरा धक्का रीडिंगचा. मी फळ्यावर उदाहरण म्हणून १०.२ लिहिलं, तर एका मुलीने विचारलं, पुढचा आकडा कुठे आहे? ब्युरेटवर ०.१ मिलीच्या रेघा असतात, मग दोन रेघांच्या मधला अंदाज घेऊन दुसरा दशांश लिहायचाच. बी.एस्सी.ची तीन वर्षं मी तो आकडा पाहिलाच नव्हता.

कोल्हापूर, निवृत्त लॅब अटेंडंट
पोरं मला मामा म्हणायची. तीसेक वर्षं किप, म्हणजे वायू तयार करायचं काचेचं उपकरण, भरला. फेरस सल्फाइडचे खडे आणि ॲसिड, सडक्या अंड्यासारखा वास. मुलींच्या चांदीच्या अंगठ्या काळ्या पडायच्या, मग माझ्याकडे तक्रार. अनोळखी सॉल्ट ओळखायच्या परीक्षेला तर सगळे लाडात यायचे. "मामा, काय दिलंय हो?" मी म्हणायचो, वात पेटव, सॉल्ट ज्योतीत धर आणि बघ. पोपटी ज्योत आली तर बेरियम, त्यात मामाला काय विचारायचं?

आता तुमच्या १०.२ चं. परमँगनेट ठेवून ठेवून कमजोर होतं, म्हणून काळपट बाटलीत ठेवायचं आणि वापरायच्या आधी तपासायचं. एका वर्षी घाईत जुनी बाटली तशीच दिली. सरांनी मागनं स्वतः करून बघितलं, रीडिंग ११.४ आलं. वीस पोरांची बॅच. एकोणीस जर्नलांत १०.२. एक मुलगी तेवढी बेसिनपाशी उभी राहून रडत होती, कारण तिचं सारखं ११.५ येत होतं आणि तिला वाटत होतं आपलाच हात चुकतोय.

पुणे, लॉकडाउनची बॅच
आमचं एफ.वाय. २०२०-२१. टायट्रेशन लॅपटॉपवर, माउसने ब्युरेटचा कॉक (तोटी) फिरवायचा. उत्तर दरवेळी नेमकं १०.०, चुकायची सोयच नाही. एस.वाय.ला खरी ब्युरेट हातात आली तेव्हा कॉक कुठल्या हाताने धरायचा तेही माहीत नव्हतं. डाव्या हाताने कॉक, उजव्याने फ्लास्क हलवायचा. पहिला आठवडा नुसतं पाणीच सोडत बसलो. मग खऱ्या टायट्रेशनला रीडिंग १४, १२.५, १३.१. सर म्हणाले, लिही तसंच.

धागाकर्ती
मामा, त्या मुलीने जर्नलमध्ये शेवटी काय लिहिलं?

कोल्हापूर
आधी खोडून १०.२ केलं होतं. सरांनी परत ११.५ करायला लावलं आणि तिथं सही दिली. बाकीच्यांच्या सह्या आधीच झाल्या होत्या.