मदत हवी आहे: टॅबलेटवर एकच पान दिसलं पाहिजे, पोरं बाहेर पडतात

गावभागकर (धागाकर्ता) – बुधवार, रात्री ९.४०
सांगलीत आमच्या वाचनालयात पुस्तकं शोधायला दाराशी टॅबलेट बसवलाय. लिनक्सचा आहे. ब्राउझर उघडून एफ ११ नं पडदाभर करून ठेवला होता, तरी पोरं बाहेर पडतात. काल बालविभागातली चौघं त्यावर क्रिकेट बघत बसलेली सापडली. ग्रंथपाल बाईंनी टॅबलेट कपाटात टाकून कुलूप लावलंय. रविवारी कार्यकारिणीची सभा आहे, त्याआधी चालू करून दाखवायचाय. किऑस्क (एकच पान चालू, बाकी सगळं बंद) करून बघितलं तर स्क्रीनवरचा कीबोर्डच येत नाही. लवकर सांगा.

टर्मिनलवेडा – ९.५२
कुठला टॅबलेट? कुठलं डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा कुठला प्रकार? डेस्कटॉप कुठला? किऑस्क "करून बघितलं" म्हणजे नेमकं काय केलं? नुसतं लिनक्सचा आहे म्हणजे स्थळ सांगताना "मुलगा दोन पायांचा आहे" म्हटल्यासारखं झालं.

गावभागकर – ९.५८
दहा इंची. भाच्यानं दिलाय. फायरफॉक्स आहे.

सरळसोट – १०.०५
कशाला उगं त्रास करून घेता? अँड्रॉइडचा साधा टॅबलेट घ्या, फुली किऑस्क ब्राउझर हे ॲप टाका, विषय संपला. विट्याला आमच्या दुकानात दोन वर्षं चाललाय, रेट बघायला गिऱ्हाईक स्वतः बोट लावतंय.

गावभागकर – १०.०९
नवीन घ्यायला पैसे असते तर इथं विचारलं असतं का राव.

जुनाखोड – १०.२०
पोर्टियस किऑस्क हे तयार लिनक्स. पेनड्राइव्हवरून टाका, एक पत्ता द्या, झालं. यापेक्षा चांगलं काही नाही.

टर्मिनलवेडा – १०.२४
जुनाखोड, पोर्टियस पीसीसाठी आहे. टॅबलेट एआरएमचा, म्हणजे मोबाइलसारख्या चिपचा, निघाला तर पेनड्राइव्ह देवापुढं ठेवून पूजा करावी लागेल.

जुनाखोड – १०.३१
निघाला *तर* ना? तुम्हाला तरी कुठं माहितीय.

मिरजेचा तंबोरा – १०.४४
महत्त्वाचं कोणी विचारतच नाही. टॅबलेट कुठल्या मजल्यावर आहे? २०१९ च्या महापुरात आमच्या ओळखीच्यांचा सगळा पीसी-प्रिंटर खालच्या मजल्यावरच राहिला. आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ ला धोका. स्टँड भिंतीत ठोकू नका, पटकन उचलता येईल असा ठेवा.

गावभागकर – १०.५०
तळमजला. उचलता येतो. आता कीबोर्डचं सांगा.

अक्षरसेवा – ११.०२
मराठीसाठी सांगते. जुन्या श्रीलिपी फाँटमधला मजकूर थेट युनिकोडमध्ये दिसत नाही, कन्व्हर्टरमधून काढावा लागतो आणि नंतर जोडाक्षरं डोळ्यांनी तपासावी लागतात. आमच्याकडच्या निमंत्रणपत्रिका मी अशाच केल्या.

टर्मिनलवेडा – ११.०४
ताई, हे त्यांनी विचारलंच नाहीये.

अक्षरसेवा – ११.०६
कुणाला तरी उपयोग होईल.

गावभागकर – गुरुवार, सकाळी ७.१५
भाच्याला फोन केला. पाइनटॅब २ म्हणाला. आत आर्च हे डिस्ट्रो आणि प्लाझ्मा हा डेस्कटॉप. किऑस्कसाठी एका व्हिडिओत बघून केज टाकलं होतं, त्यात फायरफॉक्स उघडतो, पण रकान्यात बोट ठेवलं तरी कीबोर्ड वर येत नाही. प्लाझ्मात येतो.

टर्मिनलवेडा – ७.४०
हे काल सांगितलं असतं तर मी रात्री वेळेत झोपलो असतो. त्यात रॉकचिपची आरके ३५६६ चिप आहे, म्हणजे एआरएमच. जुनाखोड, नमस्कार.
आता कारण. केज मुद्दामच बिनडोक ठेवलंय, एकच प्रोग्रॅम पडदाभर दाखवणं एवढंच त्याचं काम. स्क्रीनवरचा कीबोर्ड हा दुसरा प्रोग्रॅम असतो, त्याला ब्राउझरच्या वर बसायला लेयर शेल नावाची सोय लागते आणि ती केजमध्ये नाही. केजच्या जागी स्वे टाका, सोबत डब्ल्यूव्हीकेबीडी हा स्क्रीनवरचा कीबोर्ड, आणि फायरफॉक्सला किऑस्कचा पर्याय देऊन सुरू करा. तो पर्याय फायरफॉक्स ७१ पासून, म्हणजे २०१९ च्या डिसेंबरपासून आहे. पॉवरचं बटण पोरं दाबणारच, लॉगइनडी (लिनक्समध्ये पॉवरचं बटण बघणारी सेवा) च्या कॉन्फिगमध्ये हँडल पॉवर की ला इग्नोअर लिहा.

वालचंदचा रिकामा – ८.१०
स्वेमध्ये शॉर्टकट असतात. कुणी यूएसबी कीबोर्ड लावला की संपलं. केजच ठेवा, ते कंट्रोल-ऑल्ट-एफ २ दाबून दुसऱ्या पडद्यावर जाणं सुद्धा आपणहून चालू देत नाही. कीबोर्ड वेबपानातच बनवा.

टर्मिनलवेडा – ८.१४
कॉन्फिगमधले सगळे शॉर्टकट काढून टाकायचे, पाच मिनिटांचं काम. वाचनालयात यूएसबी कीबोर्ड खिशात घालून कोण येतं?

वालचंदचा रिकामा – ८.१५
मी आलो असतो. सातवीत असताना.

सरळसोट – ८.३०
बघा, म्हणून अँड्रॉइड.

हळदपेठ – ९.०५
मला यातलं फार कळत नाही, अडतीवर नेटवर्कचं बघतो. पण पोरं बाहेर कशी पडली ते कुणी डोळ्यानं बघितलंय का? भोक कुठं आहे ते न बघताच सगळे बुच शोधायला लागलेत.

गावभागकर – दुपारी १.२०
हळदपेठ, तुमचं ऐकून त्यातल्या एकाला शाळा सुटल्यावर थांबवून घेतलं. रागावणार नाही म्हटल्यावर त्यानं करून दाखवलं. त्यानं ना कडेवरून बोट ओढलं, ना वरची पट्टी काढली. एक पुस्तक उघडलं, बाजूला "हे शीर्षक इतरत्र शोधा" असं येतं त्यातल्या गूगल स्कॉलरवर बोट ठेवलं, तिथून साधं गूगल, तिथून क्रिकेट. वीस सेकंद. कोहा हे वाचनालयाचं सॉफ्टवेअर वापरतो आम्ही, ते सांगायचं राहिलं.

टर्मिनलवेडा – १.३३
कोहा!! अहो ते आधी सांगायचं. म्हणजे दार आपणच उघडं ठेवलेलं. कोहाच्या सिस्टिम प्रेफरन्समध्ये ओपॅक (वाचकांचं शोधायचं पान) सर्च फॉर टायटल इन म्हणून आहे, ते रिकामं करा, तो चौकोनच जाईल.
शिवाय फायरफॉक्सच्या पॉलिसीज फाइलीत वेबसाइट फिल्टर आहे. ब्लॉकमध्ये सगळं, एक्सेप्शनमध्ये फक्त तुमच्या सर्व्हरचा पत्ता.

हळदपेठ – १.५०
सर्व्हर वाचनालयातच आहे ना? मग टॅबलेटला इंटरनेट हवंय कशाला? आयपी हातानं द्या, गेटवेचा, म्हणजे बाहेर जायच्या वाटेचा, रकाना कोरा सोडा. सर्व्हर दिसेल, बाकी जग दिसणार नाही. आमच्या काट्याजवळच्या पीसीला मी हेच केलंय, तेव्हापासून हमालांचे पिक्चर बंद.

टर्मिनलवेडा – १.५८
हे भारी आहे, मान्य. फक्त आयपीव्ही ६ ही पत्त्यांची नवी पद्धत पण बंद करा, नाहीतर पुढचं दार लावून मागचं उघडं.

जुनाखोड – २.१०
इंटरनेटच नाही तर घड्याळ कोण लावणार? घड्याळ चुकलं की एचटीटीपीएसचं सर्टिफिकेट बोंबलतं.

हळदपेठ – २.१५
आतला सर्व्हर साध्या एचटीटीपीवर असेल तर सर्टिफिकेट आलं कुठून?

गावभागकर – २.२१
एचटीटीपीच आहे.

जुनाखोड – २.३०
प्र.का.टा.आ. (प्रतिसाद काढून टाकला आहे)

वालचंदचा रिकामा – ४.४५
कोहाच असेल तर मग माझंच खरं. ओपॅक यूजर जेएस नावाची जागा आहे, तिथं जावास्क्रिप्ट टाकता येते. त्यात स्वतःचा कीबोर्ड काढा, शोधाच्या रकान्यात बोट गेलं की खाली मराठी बटणं. केज तसंच राहू द्या, स्वेची गरज नाही. अआइई क्रमानं लावा, इनस्क्रिप्ट ही कीबोर्डची मांडणी पोरांना कुठं येतंय.

अक्षरसेवा – ५.००
अनुस्वाराचं बटण मोठं ठेवा. आणि ऱ्ह साठी वेगळं बटण द्या, कुणालाच सापडत नाही.

मिरजेचा तंबोरा – ५.२५
चोवीस तास चार्जरला ठेवू नका, बॅटरी फुगते. आमच्या संगीत क्लासचा तानपुऱ्याचा टॅबलेट असाच पोट धरून बसलाय. सॉकेटला टायमर लावा.

गावभागकर – रविवार, रात्री ८.१०
चाललं. गेटवे कोरा, आयपीव्ही ६ बंद, तो चौकोन काढला, केजवरच ठेवलं. कीबोर्ड वालचंदवाल्यांनी लिहून दिला, शनिवारी स्वतः येऊन बसवून पण गेले. फायरफॉक्स बंद पडला तर आपोआप परत उठतो असं सिस्टिमडीत (लिनक्समध्ये प्रोग्रॅम चालू-बंद करणारा भाग) करून ठेवलंय. पॉवरचं बटण इग्नोअर केलं, टायमर लावला.
सभेत अध्यक्षांनी पाच मिनिटं बोट घालून बघितलं, बाहेर पडता आलं नाही. मग त्या पोराला बोलावलं. त्यालाही नाही आलं, तोंड पाडून गेला.
एक राहिलंय. बाईंनी "हिंदी" शोधलं तर अर्धीच पुस्तकं आली, बाकीची "हिन्दी" म्हणून चढवलेली आहेत. ऱ्हस्वदीर्घाचं तर विचारूच नका. यावर कोहात काही आहे, की नोंदीच सुधारायच्या?

अक्षरसेवा – ८.१६
नोंदीच. किती हजार आहेत?