महिला क्रिकेटच्या ग्रुपवर नवीन आलेल्यांना सामावून कसं घ्यायचं? घरदार सांभाळून बघणाऱ्या आहेत सगळ्या

जुईनगर_ईस्ट

नमस्कार मंडळी. जरा मोठं लिहितेय, सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही म्हणून. आमचा नवी मुंबईत महिला क्रिकेट बघणाऱ्यांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, २०१७ ला लॉर्ड्सवर आपण वर्ल्डकपची फायनल ९ रन्सनी हरलो ना, त्याच्यानंतर सुरू झालेला. तेव्हापासून बरीचशी तीच माणसं. डी वाय पाटील स्टेडियमला मॅच असली की नेरूळ स्टेशनला भेटायचं, आधी कुठेतरी काहीतरी खाऊन घ्यायचं आणि मग एकत्र आत जायचं, असं छान चाललेलं होतं. २ नोव्हेंबर २०२५ ला वर्ल्डकप जिंकलो आणि ग्रुपवर माणसांचा नुसता लोंढा आला, कुणाची जाऊ, कुणाची शाळेतली मुलगी, कुणाचे रिटायर झालेले बाबा. मला तर इतका आनंद झाला, पण जुनी मंडळी वैतागलीयेत.

मागच्या आठवड्यात काय झालं ते सांगते. आमच्या सोसायटीतल्या एक काकू, साठी उलटलेली, फायनल नातीबरोबर अख्खी बघितली त्यांनी. पावसामुळे मॅच सुरूच संध्याकाळी पाचला झाली, संपता संपता मध्यरात्र, सोमवारी पोरीची शाळा, तरी दोघी हलल्या नाहीत टीव्हीपुढून. त्यांनी ग्रुपवर साधं विचारलं की ही शफाली वर्मा एवढी खेळते तर आधीच्या मॅचना का नव्हती. त्यावर एकाने टाकलं 'गूगल करा, बेसिक प्रश्न इथे नकोत' आणि खाली तिघांचे हसण्याचे इमोजी. काकू तेव्हापासून एक अक्षर बोललेल्या नाहीत. जिन्यात भेटल्या तर म्हणाल्या, अगं तुम्ही सगळे जाणकार, आम्ही आपलं नुसतं वाचू.

मला फार लागलं ते. आणि दुसरी गोष्ट वेळेची. नवीन आलेल्यांत बायका जास्त आहेत, संध्याकाळी पोळ्या, मुलांचा अभ्यास, रिमोट सासऱ्यांच्या हातात. त्या रात्री उशिरा हायलाइट्स बघतात आणि मग बोलायला येतात, तेव्हा जुने म्हणतात पूर्ण मॅच बघितली नाही तर मत कसलं. आता ९ जानेवारी २०२६ पासून डब्ल्यूपीएल, म्हणजे बायकांची प्रीमियर लीग, पहिलीच मॅच आपल्याकडे, मुंबई-बंगळुरू. दोन अ‍ॅडमिनचं म्हणणं नवीन लोकांचा वेगळा ग्रुप काढून टाकू. तुमच्याकडे काय करता?

मिडऑफ_कोथरूड

वेगळा ग्रुप अजिबात काढू नका ताई. आमच्याकडे एका फुटबॉल क्लबच्या फॅन्सचा ग्रुप होता तिथे हे केलेलं, नवीनांच्या ग्रुपवर उत्तर द्यायलाच कुणी नसायचं, सगळे एकमेकांना विचारतायत आणि जाणकार पलीकडे आपल्याआपल्यात. दोन महिन्यांत तो बंद पडला आणि ती माणसं परत आलीच नाहीत.

आणि काकूंचा प्रश्न बेसिक कसा काय? उलट या वर्ल्डकपमधली सगळ्यात भारी गोष्ट तीच आहे. शफाली मूळ टीममध्ये नव्हतीच, राखीवमध्येही नव्हती, हरियाणाकडून डोमेस्टिक टी-२० खेळत होती ती. २६ ऑक्टोबरला बांगलादेशविरुद्ध तुमच्याच डी वाय पाटीलला फिल्डिंग करताना प्रतिका रावलचा पाय मुरगळला, प्रतिका म्हणजे तोपर्यंत स्मृती मानधनाबरोबर ओपनिंग करत होती ती, न्यूझीलंडविरुद्ध सेंच्युरी मारलेली. तिच्या जागी शफालीला बोलावलं, सेमीफायनलला १० रन्सवर आउट, आणि फायनलला ७८ बॉलमध्ये ८७, वर बॉलिंगला आणल्यावर साऊथ आफ्रिकेच्या सून लुस आणि मारिझान काप अशा दोन विकेट. हे कुणी काकूंना नीट सांगितलं असतं तर त्यांनी नातीला सांगितलं असतं, नातीने वर्गात सांगितलं असतं. असंच पसरतं हो ते.

माझ्या आईचं सांगतो. तिला एलबीडब्ल्यू कळत नाही, मी समजवायला गेलो की कंटाळते, तेव्हा मी तो नादच सोडला. आता मी तिला एकेक खेळाडू धरून देतो. म्हणजे आज दीप्ती शर्मावर लक्ष ठेव, ती बॉल टाकायच्या आधी फिल्डरला कुठे हलवते बघ. फायनलला दीप्तीने ५८ केले आणि ३९ रन्समध्ये ५ विकेट काढल्या, आणि आई प्रत्येक विकेटला मला आतून हाक मारत होती कारण मीच चहा ठेवायला गेलेलो. नियम हळूहळू आपोआप येतात, आधी माणूस आवडायला लागतं.

स्कोअरबुक_जुनं

मी जरा जुन्यांची बाजू मांडते, त्यांच्या वागण्याची नाही पण त्यांच्या मनाची. मी शाळेत असल्यापासून बघतेय हा खेळ. पुण्यात १९७३ ला बायकांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली तेव्हा टीम होत्या तीन, मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. त्या पिढीतल्या डायना एडलजी, शांता रंगास्वामी यांनी कितीदा सांगितलंय, बिनरिझर्व्हेशनचा ट्रेनचा प्रवास, डॉर्मिटरीत जमिनीवर झोपायचं, पैसे तर सोडाच. बीसीसीआयकडे बायकांचं क्रिकेट आलं तेच २००६ ला. २०१३ चा वर्ल्डकप मुंबईत होता, आणि वानखेडेला पुरुषांची रणजी फायनल घ्यायची म्हणून बायकांच्या मॅचेस तिथून हलवल्या, वर्ल्डकपच्या! मी ब्रेबॉर्न स्टेडियमला गेलेले. तुरळक माणसं, खेळाडू एकमेकींना हाका मारतायत ते स्टँडमध्ये स्पष्ट ऐकू यायचं. आपण त्या वेळी सुपर सिक्सला, म्हणजे पुढच्या फेरीलाही पोचलो नाही, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात कुणाला सांगायला जावं तर वर्ल्डकप चालू आहे हेच माहीत नसायचं.

तर इतकी वर्षं ज्याने एकट्याने हे जपलं त्याला अचानक पन्नास जण येऊन 'आपण जिंकलो' म्हणायला लागले की आत काहीतरी दुखतं. 'तेव्हा कुठे होतात' हे तोंडावर येतंच. मी ते समजू शकते. पण त्याच माणसाला विचारा, ब्रेबॉर्नच्या त्या रिकाम्या स्टँडमध्ये बसून तुला काय वाटत होतं? कुणीतरी यावं हेच ना? मग आलेत की आता!

आणि तेव्हा कुठे होतात याचं उत्तर बऱ्याच बायकांच्या बाबतीत घरात होतो असंच आहे. माझी धाकटी बहीण माझ्याइतकीच वेडी होती क्रिकेटची, लग्न झालं, एकत्र कुटुंब, वीस-बावीस वर्षं तिने एक मॅच सलग बघितली नाही. तिला ग्रुपवर नवीन म्हणायचं? या वर्ल्डकपच्या सेमीफायनलला जेमिमा रॉड्रिग्जने ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ केले आणि ३३९ चं टार्गेट पार झालं त्या रात्री तिचा मला फोन आला, दोघी रडत होतो, मागे तिच्या घरचे विचारतायत काय झालं काय झालं.

माझी सूचना एवढीच, जुन्यांना नुसतं 'नीट वागा' म्हणू नका, त्यांना काम द्या. आमच्याकडे मी दर रविवारी एका जुन्या मॅचबद्दल दहा-बारा ओळी लिहिते. परवा कॅप्टन हरमनप्रीतचे २०१७ च्या वर्ल्डकप सेमीफायनलचे, डर्बीतले नाबाद १७१ लिहिले. नवीन मुली इतके प्रश्न विचारतात की संध्याकाळ जाते त्यात. आपण जपलेलं कुणीतरी मागतंय म्हटल्यावर त्या जुन्या माणसाचा राग बराच उतरतो, माझाही उतरला.

दोन_डबे_एक_टिफिन

मी वर्ल्डकपनंतर अशाच एका ग्रुपवर आलेली आहे, त्यामुळे नवीन माणसाकडून सांगते. माझी मुलगी आठ वर्षांची, तिच्यामुळे सुरू झालं सगळं. पहिले दोन आठवडे मी काहीच लिहिलं नाही कारण भीती वाटायची, नावं सगळी लहान करून लिहितात, कोण कुणाला म्हणतंय कळायचं नाही. मग ग्रुपवरच्या एका ताईने मला वेगळा मेसेज केला, ग्रुपवर सगळ्यांसमोर नाही बरं का, की तुम्ही नवीन दिसताय, काही विचारायचं असेल तर मला विचारा, आणि मुलीला कोण आवडते? बस. मुलीला रिचा घोष आवडते हे मी सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी रिचाचे सिक्सर असलेला व्हिडिओ पाठवला. त्यानंतर मी आजपर्यंत तिथे आहे.

वेळेचं म्हणाल तर आमच्या ग्रुपवर एक गोष्ट छान आहे. मॅच संपल्यावर सकाळपर्यंत रिझल्ट कुणी सरळ लिहीत नाही, एक ठरलेला मेसेज येतो 'खाली निकाल आहे' आणि मग जागा सोडून लिहितात. कारण आम्ही बऱ्याच जणी ओटा आवरून साडेदहा-अकराला बघायला बसतो. आणि लाइव्ह बघतानाही मोबाइलवर टीव्हीपेक्षा उशिरा दिसतं ना, माझा फोन किचनमध्ये डाळीच्या डब्याला टेकवलेला असतो, माझ्याकडे बॉलर अजून रनअपवर आणि ग्रुपवर विकेट म्हणून ओरडा झालेला. हे सांगितल्यावर लगेच ऐकलं सगळ्यांनी, कुणी हसलं नाही. अर्धी मॅच बघणारीलाही बोलायचं असतं हो, तिने बघितलेल्या तेवढ्या ओव्हर्स तिने जिवापाड लक्ष देऊन बघितलेल्या असतात.

घरी मी नवऱ्याला स्पष्ट सांगितलंय की मॅचच्या दिवशी खिचडी, आणि मुलीचं गृहपाठाचं ते बघतील. पहिल्यांदा कुरकुर झाली, आता तेच विचारतात पुढची मॅच कधी.

थर्डमॅन_नागपूर

सगळं पटलं पण एक बाजू राहतेय. स्वागत करा, पण दार उघडं ठेवायचं म्हणजे काहीही आत येऊ द्यायचं असं नाही. वर्ल्डकपनंतर आमच्याकडे काही जण आले ते खेळाडूंच्या दिसण्यावर बोलायला, पुरुषांच्या टीमशी तुलना करून खिजवायला, आणि एखादी शून्यावर गेली की तिच्या घरादारापर्यंत जायला. वर्ल्डकप चालू असतानाही मध्ये साऊथ आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, इंग्लंड अशा सलग तीन मॅच हरलो तेव्हा बघितलंत ना काय काय लिहीत होते लोक. माहिती नसणं वेगळं आणि घाण बोलणं वेगळं. पहिल्याला आम्ही कितीही वेळ देतो, दुसऱ्याला अ‍ॅडमिन एकदा फोन करून सांगतो आणि पुन्हा झालं की काढतो. ग्रुपवर शाळकरी मुली आहेत, त्यांच्या आया आहेत, त्यांना इथे सुरक्षित वाटलं पाहिजे. आणि खरं सांगू, 'गूगल करा' म्हणणाऱ्यालाही तोच फोन गेला पाहिजे. जुना आहे म्हणून सूट कशाला?

जुईनगर_ईस्ट

खूप खूप धन्यवाद सगळ्यांना, मी हे अ‍ॅडमिनना वाचायला दिलं. वेगळा ग्रुप रद्द झालाय. रविवारची जुनी मॅच लिहायचं काम, तुम्हाला आश्चर्य वाटेल, ज्याने काकूंना गूगल करा म्हटलं त्यालाच दिलं, त्याच्याकडे २००५ च्या वर्ल्डकप फायनलपासूनची कात्रणं आहेत. त्याला फोनही केला, त्याने काकूंना स्वतः मेसेज करतो म्हटलंय, बघू. मिडऑफ, तुमचं शफालीचं उत्तर तसंच्या तसं काकूंना वाचून दाखवलं, त्यांचा पुढचा प्रश्न लगेच, मग प्रतिकाचं पुढे काय झालं?

९ तारखेला साडेसातची मॅच आहे, आम्ही नेरूळला पाचला भेटणार, म्हणजे मुलांचं खाणं होईल आणि चालत जायला घाई नको. लहान मुलांना घेऊन येणाऱ्या चार-पाच जणी आहेत, शेवटच्या ओव्हरनंतर गेटवर फार गर्दी होते, त्यांना कसं बाहेर काढायचं कुणाला अनुभव आहे का?

दोन_डबे_एक_टिफिन

आम्ही गेलो होतो तेव्हा मुलांच्या खिशात आईचा नंबर लिहून चिठ्ठी ठेवलेली, आणि मॅच संपल्यावर लगेच उठलोच नाही, वीसेक मिनिटं जागेवर बसून राहिलो. खेळाडू राउंड मारायला आल्या तर मुलांना जवळून दिसतात पण. पाण्याची बाटली, पॉवरबँक आणू नका, गेटवरच काढून घेतात. आणि पाचला नेरूळला नक्की कुठे, वेस्टला की ईस्टला? आम्ही पण दोघी येतोय.