व्हेंडर फॉर्मवर 'सर्व्हिस डिसेबल्ड व्हेटरन ओन्ड' रकाना: आपल्या माजी सैनिकाने टिक करायचं का?

देगावरोड_सातारा (प्रश्न)

नमस्कार मंडळी. सातारा एमआयडीसीतलं छोटं जॉबवर्क युनिट आहे: दोन सीएनसी लेथ, एक व्हीएमसी. बुश, पिन, स्पेसर असला माल निघतो. चालवतात थोरले बंधू. फौजेतून मेडिकल बोर्डावर घरी आलेले, पीपीओवर (पेन्शनच्या आदेशावर) अपंगत्व ५०%. पुण्याकडच्या एका अमेरिकन मालकीच्या कंपनीचा व्हेंडर रजिस्ट्रेशन फॉर्म आलाय. त्यात मालकीच्या प्रकारात 'व्हेटरन ओन्ड' आणि 'सर्व्हिस डिसेबल्ड व्हेटरन ओन्ड' (सेवेत अपंगत्व आलेल्या माजी सैनिकाच्या मालकीचा) असे रकाने आहेत, खाली सर्टिफिकेट नंबर मागितलाय.

टिक करायचं का? असं सर्टिफिकेट आपल्याकडे कोण देतं? आणि त्याने रेटमध्ये किंवा ऑर्डरमध्ये काही फरक पडतो का?

कुपवाडचा_लेथवाला

टिक करू नका. तो रकाना अमेरिकेतल्या कायद्याचा आहे, फॉर्म जसाच्या तसा इकडे आलाय.

तिकडे केंद्र सरकारच्या मोठ्या ठेकेदारांना सबकॉन्ट्रॅक्टिंग प्लॅन (पोटठेके कोणाला देणार याचा आराखडा) द्यावा लागतो. सेवेत अपंगत्व आलेल्या माजी सैनिकांच्या लघुउद्योगांकडून किती खरेदी करणार, हे त्यात वेगळं दाखवावं लागतं. सरकारचं स्वतःचं उद्दिष्ट आधी ३% होतं, ते आता ५% आहे. सर्टिफिकेट १ जानेवारी २०२३ पासून तिथलं स्मॉल बिझनेस अॅडमिनिस्ट्रेशन देतं, त्याआधी हे काम माजी सैनिकांच्या खात्याकडे होतं. अट अशी की सेवा अमेरिकेच्या सैन्यातली हवी, मालकी किमान ५१% हवी आणि धंद्याचा रोजचा ताबाही त्याच माणसाकडे हवा. खाजगी कंपन्यांसाठी 'नावोबा' नावाची संस्था वेगळं सर्टिफिकेट देते, तेही अमेरिकन माजी सैनिकांनाच. कॅलिफोर्नियाची राज्याची योजना आणखी निराळी.

आता टिक केलं तर होतं काय? तुमची खरेदी हेड ऑफिसच्या आकड्यात चुकीच्या खात्यात जाऊन बसते. ऑडिटला सर्टिफिकेट नंबर सापडत नाही आणि खुलासा तुमच्याकडून मागतात. खोट्या माहितीला तिकडे जबर दंड आहे. त्यामुळे खरेदीवाला साधी चूक म्हणून सोडून देत नाही, व्हेंडर कोडच ब्लॉक करतो.

रकान्यात 'लागू नाही' लिहा. शेरा किंवा कव्हर लेटरमध्ये एक ओळ टाका: 'मालक भारतीय सेनेतील दिव्यांग माजी सैनिक, उद्यम नोंदणीकृत सूक्ष्म उद्योग.' माहिती पोचते आणि दावाही खोटा ठरत नाही.

पेन्शनचे_कागद

वरच्या ओळीतला 'दिव्यांग' शब्द लिहिण्याआधी एक तपासा. फौजेचं अपंगत्व आणि दिव्यांग हक्क कायदा २०१६ मधलं अपंगत्व, ही दोन वेगळी मापं आहेत. निम्मे अर्ज इथेच अडकतात.

पीपीओवरचे ५०% बहुतेक वेळा ब्रॉडबँडिंगचे असतात. बोर्डाने २० किंवा ३०% ठरवलेले असले, तरी पेन्शनसाठी ते ५० धरतात. ५० ते ७५ मध्ये असले तर ७५, आणि त्यापुढे १००. खरा आकडा मेडिकल बोर्डाच्या कागदात असतो, तो काढून बघा.

आणि सिव्हिलच्या बाजूने सवलत हवी असेल तर यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) लागतं. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा, मग जिल्हा रुग्णालयात तपासणी. तिथे फौजेचा टक्का धरत नाहीत, नव्याने मोजतात, आणि बहुतेक योजनांना किमान ४०% लागतात. त्यात कायद्याच्या यादीत २१ प्रकारच आहेत. पाय गेला, ऐकू कमी येतं, दृष्टी गेली, हे त्यात बसतं. ब्लड प्रेशर, मधुमेह, हृदयविकार यावर फौज अपंगत्व पेन्शन देते, पण यादीत ते नाहीत. अशा वेळी पीपीओवर ५०% असूनही यूडीआयडी मिळत नाही. मग लेटरमध्ये फक्त 'माजी सैनिक' लिहा आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या ओळखपत्राची प्रत जोडा.

खरेदी_विभाग

रेटमध्ये फरक पडत नाही. रकान्यामुळे फार तर चौकशीच्या यादीत नाव येतं. ऑर्डर पीपीएम (दहा लाखांत किती नग खराब), डिलिव्हरी आणि रेटवरच मिळते. आयएसओ ९००१ नसलेल्या युनिटला कुठल्याही कॅटेगरीतून आत घेणं अवघड. आधी नमुन्यासोबत डायमेन्शनल रिपोर्ट, मटेरियलचं टेस्ट सर्टिफिकेट आणि कंट्रोल प्लॅन तयार ठेवा. गेजचं कॅलिब्रेशन तर ऑडिटर पहिल्या दहा मिनिटांत विचारतो.

सरकारी कंपन्यांचं विचाराल तर सूक्ष्म व लघुउद्योगांकडून २५% खरेदीचं धोरण आहे. त्यातले ४% अनुसूचित जाती-जमातींच्या आणि ३% महिलांच्या उद्योगांसाठी. माजी सैनिक किंवा दिव्यांगांसाठी त्यात वेगळा टक्का नाही, हे लोकांना माहीत नसतं. पण सूक्ष्म उद्योग म्हणून फायदा आहेच: टेंडर फी नाही, अनामत रक्कम माफ. तुमचा भाव एल-वनच्या (सर्वात कमी बोलीच्या) १५% आत असेल तर एल-वनच्या भावाला माल द्यायची संधी मिळते. ट्रेडिंगवाल्यांना हे नाही, स्वतः बनवणाऱ्यांनाच.

खाजगीत दार उघडतं ते बीआरएसआरमुळे, म्हणजे कंपनीच्या सामाजिक-पर्यावरणीय जबाबदारीच्या अहवालामुळे. शेअर बाजारातल्या वरच्या १००० कंपन्यांना २०२२-२३ पासून हा सेबीचा अहवाल सक्तीचा आहे. त्यात एमएसएमईकडून थेट किती खरेदी झाली ते विचारतात, आणि वंचित गटांकडून खरेदीला प्राधान्य देण्याचं धोरण आहे का, हेही. दुसरा प्रश्न ऐच्छिक भागात आहे, तरी बऱ्याच कंपन्या भरतात. तुमची पुण्याची कंपनी इथे लिस्टेड नसेल तर तिला हा अहवाल लागू नाही. पण तिचा ग्राहक लिस्टेड असला, तर तो सप्लायरकडून आकडे मागतो. म्हणून 'तुमच्या ग्राहकाला बीआरएसआरसाठी आमची माहिती उपयोगी पडेल का?' एवढं मेलमध्ये विचारा. उगाच देशभक्तीचं पान लिहू नका, कोणी वाचत नाही.

देगावरोड_सातारा

सगळ्यांचे आभार. एक सांगायचं राहिलं. उद्यम आणि जीएसटी वहिनींच्या नावावर आहे, प्रोप्रायटर त्या. धंदा दादाच बघतात. आता नावं बदलून घ्यावीत का?

मिरज_हिशेब

मग कागदावर हा उद्योग माजी सैनिकाचा नाहीच. 'लागू नाही' लिहून सोडा, कव्हर लेटरमधली मालकाची ओळही काढा.

महिला उद्योग म्हणून वहिनी सही करू शकतात, पण दरवाजावर आलेल्या ऑडिटरला रेट कोण ठरवतं आणि बँकेत सही कोणाची, हे दाखवता आलं पाहिजे. 'वीकनेक्ट इंटरनॅशनल' भारतातही महिला उद्योगांना प्रमाणित करते. तिथेही ५१% मालकीसोबत व्यवस्थापन आणि ताबा महिलेकडे हवा. नावापुरती मालकी मुलाखतीतच कळते.

नाव बदलायचं तर प्रोप्रायटर बदलला की पॅन बदलतो, म्हणजे जीएसटी आणि उद्यम दोन्ही नवीन. ५१:४९ ची भागीदारी केली तरी पॅन नवाच. शिल्लक इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) आयटीसी-०२ फॉर्मने सीएच्या दाखल्यासह वळवायचं. जुना नंबर आधी रद्द केला तर ते क्रेडिट अडकतं. कॅश क्रेडिट खातं बँकेत नव्याने मंजूर करून घ्यावं लागतं. प्लॉट एमआयडीसीचा असेल तर हस्तांतराची परवानगी आधी घ्या, प्रीमियम लागू शकतो. चालू ग्राहकांकडे व्हेंडर कोडही नवीन निघतो, तोवर बिलं पडून राहतात. एका रकान्यासाठी एवढं करणं परवडत नाही.

पुढेमागे दुसरं युनिट काढणार असाल तर दादांच्या नावाने पीएमईजीपी (नव्या उद्योगाला अनुदान देणारी केंद्राची योजना) बघा. माजी सैनिक विशेष गटात येतात: स्वतःचे ५%, अनुदान शहरात २५%, ग्रामीणला ३५%, उत्पादनात प्रकल्प ५० लाखांपर्यंत. नवीन युनिटलाच मिळतं, चालू युनिटचं नाव बदलून चालत नाही. अर्जाआधी जिल्हा उद्योग केंद्रात एक गोष्ट विचारून घ्या: कुटुंबातल्या एकाच व्यक्तीला मिळतं, आणि पती-पत्नी मिळून एक कुटुंब धरतात. वहिनींनी आधी घेतलं असेल तर दादांचा अर्ज तिथेच थांबेल.