हंपी सहल: ‘एवढं जातोच आहोत तर...’

सेक्रेटरी (ए-१०१): मंडळी, सहलीचं आज फायनल करू. विजापूर एक मुक्काम, बदामी दोन, हंपी दोन, सहाव्या दिवशी रात्री पुण्यात. मिनीबस ठरली आहे. काही सुचवायचं असेल तर रात्री नऊपर्यंत.

बी-३०४ वहिनी: एवढं हंपीला जातोच आहोत तर राघवेंद्रस्वामींचं मंत्रालय करूया का? सासूबाईंची फार इच्छा आहे.

सी-२०२: आणि गोकर्ण? मुलांना समुद्र 😀

बी-१०३: तिरुपती राहिलं की!

नाना (ए-४०२): गोकर्ण हंपीहून बसने सहा तासांच्या आत होत नाही. मुलं समुद्रात कमी आणि बसमध्ये जास्त बसतील. मंत्रालयासाठी वेगळी सहल काढा, मीही येतो. गेल्या वर्षी ‘जाता जाता’ करत नऊ देवळं घेतली आणि शेवटच्या गाभाऱ्यात मोबाइलच्या उजेडात देव शोधला, विसरलात का?

सी-२०२: नाना, मग तुमचं काय?

नाना (ए-४०२): मुक्काम आहेत तेच ठेवा, नवं गाव नको. फक्त रस्ता बदला. आता विजापूर–बागलकोट–बदामी असं जाऊन दुसऱ्या दिवशी ऐहोळे-पट्टदकलसाठी पुन्हा मागे यायचं ठरलंय. त्याऐवजी निडगुंदीवरून हायवेने खाली या. कृष्णा-मलप्रभेच्या संगमावर कुडलसंगम लागतं, बसवेश्वरांचं ऐक्यस्थान. तिथून ऐहोळे, पट्टदकल, संध्याकाळी बदामी. तिन्ही ठिकाणं वाटेतच होतात आणि बदामीचा अख्खा दिवस मोकळा मिळतो.

ऐहोळ्यात दुर्गा मंदिर सगळेच बघतात (नाव देवीवरून नाही, दुर्ग म्हणजे किल्ला, त्यावरून पडलंय). पण टेकडीवरच्या मेगुती देवळापर्यंत चढाच. तिथे कवी रविकीर्तीचा इ.स. ६३४चा शिलालेख आहे. चालुक्य राजा पुलकेशी ९९,००० गावांच्या तीन महाराष्ट्रकांचा स्वामी झाला, असं त्यात कोरलंय. आपल्या प्रदेशाचं नाव इतक्या जुन्या दगडावर वाचायला कर्नाटकात जावं लागतं, बघा! पट्टदकलला विरूपाक्ष मंदिर. पतीने कांची जिंकली म्हणून राणी लोकमहादेवीने बांधलेलं. वेरूळचं कैलास पाहिलेल्यांना ते ओळखीचं वाटेल.

डी-२०१ काकू: नाना, गुडघ्यांचं काय? गोलघुमटाचे जिने कसे आहेत?

नाना (ए-४०२): अरुंद आणि सात मजले, काकू. तुम्ही खालीच थांबा, घुमट खालूनही डोळे फिरवतो. चढणाऱ्यांनी मात्र सकाळी उघडल्या उघडल्या जा. वरच्या सज्जात एरवी पलीकडच्या टोकाची कुजबुजही ऐकू येते; शाळांच्या सहली आल्या की कुजबुज सोडा, शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. आणि मुलूखमैदान तोफ चुकवू नका. ती १५४९ साली आपल्या अहमदनगरला ओतलेली.

बी-३०४ वहिनी: बदामीचा मोकळा दिवस कशात घालवायचा?

डी-२०१ काकू: अगं, बनशंकरी! आमची कुलदेवी. बदामीहून पाचच किलोमीटर. देवळापाशी बायका टोपल्यात ज्वारीच्या भाकऱ्या, झुणका, ठेचा आणि मडक्यातलं दही घेऊन बसतात. त्या दिवशी हॉटेलचं जेवण सांगू नका हो.

नाना (ए-४०२): सकाळी लेणी, दुपारी काकूंची भाकरी, संध्याकाळी अगस्त्य तलावाच्या काठी नुसतं बसायचं. हंपीला जाताना गदगवरून जा, लक्कुंडी रस्त्यालाच आहे. काशीविश्वेश्वराच्या दाराची चौकट बघा, दगड कोरलाय की लाकूड असा प्रश्न पडतो. तासभर पुरे. इटगीचं महादेव मंदिरही सुंदर आहे, पण दोन्ही नकोत. एकच.

सी-२०२: इटगी का नको? जवळच तर आहे ना?

नाना (ए-४०२): कारण हंपीत अंधार पडायच्या आत पोचायचंय.

बी-१०३: हंपीत विठ्ठल मंदिर आहे ना? तिथे विठोबा आहे का?

डी-२०१ काकू: गाभारा रिकामा आहे. कृष्णदेवरायाने मूर्ती पंढरपूरहून नेली आणि नाथांचे पणजोबा भानुदास ती परत घेऊन आले, असं आमच्या वडिलांनी सांगितलेलं.

सेक्रेटरी (ए-१०१): म्हणजे मुक्काम तेच, रस्ता नानांचा, लक्कुंडी वाढलं, मंत्रालय-गोकर्ण-तिरुपती रद्द. ड्रायव्हरला विचारलं, तो म्हणतो किलोमीटर बघून सांगतो.

डी-२०१ काकू: त्याला सांगा, भाकरी त्यालाही आहे.


सी-२०२: 👍 पण नाना, इटगी...