हरभऱ्यातले पतंग खातात काय, आणि त्यांना कोण खातं?

प्रश्न: संध्याकाळी हरभऱ्यात पिवळसर-करडे पतंग घिरट्या घालतायत. पीक हेच खातात का?

कोरडवाहू: नाही हो. घाटे (हरभऱ्याच्या शेंगा) पोखरणाऱ्या घाटे अळीच्या पतंगाला नुसती सोंड, तो फुलांतला मध पितो. नासाडी अळीची: डोकं घाट्यात, निम्मं अंग बाहेर. पतंगांना रात्री वटवाघळं टिपतात. अळ्यांना खातात कोतवाल, मैना, बगळे. म्हणून एकरी 8 पक्षिथांबे (पक्ष्यांना बसायला काठ्या) रोवा, पिकापेक्षा फूटभर उंच.

रानपाखरू: सोबत एकरी 2 कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या गंधानं नराला ओढणारे. त्यात फक्त नर अडकतात, म्हणजे ती मोजणी, इलाज नव्हे. सलग 3 दिवस एका सापळ्यात रोज 8-10 पतंग आले की 5 टक्के निंबोळी अर्क फवारा.

प्रश्नकर्ता: सापळा रिकामाच राहिला तर?

कोरडवाहू: पाकीट बघा, दुसऱ्याच अळीची ल्यूर (सापळ्यातली गंधाची गोळी) असेल. नाहीतर जुनी, महिन्यानं बदलावीच लागते.