हॉर्न दाबला की फ्यूज जातो. मोठा फ्यूज टाकू का?

गीअरबॉक्स:
गाडीला एअर हॉर्न बसवलाय. लाल कॉम्प्रेसर, दोन प्लॅस्टिकचे कर्णे, एक लांब एक आखूड. का बसवला ते आधीच सांगतो, नाहीतर सगळे तेच विचारतील. ओव्हरटेक करताना शेजारचा ट्रक माझ्या अंगावर सरकायला लागला. मी जीव खाऊन हॉर्न दाबतोय, पण माझी पिपाणी त्याच्या केबिनपर्यंत पोचेचना. ब्रेक मारून मागे आलो म्हणून वाचलो.

जोडणी सोपी केली. जुना हॉर्न काढला आणि त्याच्याच दोन वायरी कॉम्प्रेसरला दिल्या. पहिल्यांदा दाबला तर असा काही भोंगा वाजला की मीच दचकलो. दुसऱ्यांदा दाबला तर काहीच नाही. 10 चा फ्यूज गेलेला. नवा टाकला, तोही गेला. 20 चा टाकला तर चालेल का? घरात एक पडलाय.

करंटवाला:
तो पडलाय तिथेच राहू द्या.

फ्यूज हॉर्नसाठी नसतो हो, वायरीसाठी असतो. साधा हॉर्न 4-5 अँपिअर खातो, त्या हिशोबाने कंपनीने वायर बारीक टाकलेली असते. तुमचा कॉम्प्रेसर 15 ते 20 ओढणार, सुरू होताना त्याहून जास्त. फ्यूज मोठा केलात तर जळायचं काम वायर करेल, आणि तेही डॅशबोर्डच्या आत, बाकीच्या वायरींच्या जुडग्यात बसून.

30 अँपिअरचा चार पायांचा रिले आणा, म्हणजे थोड्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. पायांवर नंबर छापलेले असतात. 85 आणि 86 ला जुन्या हॉर्नच्या वायरी. तिथून जेमतेम 0.2 अँपिअर जातो, जुना 10 चा फ्यूज आरामात झेलतो. 30 ला बॅटरीच्या प्लसवरून नवी जाड वायर, 87 वरून कॉम्प्रेसर. नव्या वायरीला स्वतःचा 25 चा फ्यूज द्या, बॅटरीपासून वीतभर अंतरावर. लोक तो रिलेजवळ लावतात. मग बॅटरीपासून फ्यूजपर्यंतची वायर घासून बॉडीला टेकली की तिला वाचवायला कुणी नाही.

वायरीत कंजूषपणा नको. 1 चौरस मिमीची 3 मीटर वायर घेतलीत तर 18 अँपिअरला जवळपास 1 व्होल्ट वाटेतच गळतो. 4 चौरस मिमीत पाव व्होल्ट. कॉम्प्रेसरची दुसरी वायर गाडीच्या बॉडीला, म्हणजे अर्थला जाते, त्या जागी रंग खरवडून चकचकीत पत्रा दिसू द्या, मग बोल्ट आवळा.

जुना_चालक:
वायरिंगचं वर आलंच. मला खटकलं ते जुना हॉर्न काढल्याचं.

मीही काढला होता. टाकी नसलेल्या एअर हॉर्नची मोटर फिरून हवा भरेपर्यंत क्षणभर जातो. वाचताना काहीच वाटत नाही, पण ताशी 80 ला गाडी सेकंदाला 22 मीटर जाते. शिवाय हलकी टिचकी मारली तर नुसतं 'फुस्स'. मग साधी सूचना द्यायची कशी? दाबून धरायचा. मी धरला. पुढे सायकलवर एक आजोबा होते. ते दचकून मागे बघायला वळले, आणि मान वळली तसं हँडलही वळलं, थेट माझ्या बॉनेटकडे. वेग चालण्याइतकाच होता म्हणून थांबलो. आजोबा काही बोलले नाहीत. एक पाय टेकून बघत राहिले.

त्याच संध्याकाळी जुना हॉर्न स्टिअरिंगवर परत आला. भोंगा वेगळ्या बटणावर घेतला, 85 अर्थला, 86 ला बटणातून प्लस. बटण जरा हात लांब करावा लागेल असंच ठेवलंय.

डेसिबल_भाऊ:
डब्यावर 150 डेसिबल छापलं असेल तर किती अंतरावरून मोजलं तेही छापलंय का बघा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की 6 डेसिबल घटतात, त्यामुळे कर्ण्याच्या तोंडाशी मोजलेल्या आकड्याला काही अर्थ नाही. संयुक्त राष्ट्रांचा वाहन नियम क्रमांक 28 हॉर्न 2 मीटरवरून मोजतो आणि गाडीच्या हॉर्नला 118 च्या वर जाऊ देत नाही. सूरही एकसारखा लागतो, चाली वाजवणारा बाद. काही देशांत खासगी गाडीला एअर हॉर्नच चालत नाही, तेव्हा ड्रिल हातात घेण्याआधी आपल्याकडचा नियम बघितलेला बरा.

गीअरबॉक्स:
रिले लागला, फ्यूज टिकतोय. जुना हॉर्न परत जागेवर, भोंगा वेगळ्या बटणावर. आजोबांचा किस्सा वाचून बायकोनेच बटणाची जागा ठरवली.

आता नवीनच. काल गाडी धुतली, आज सकाळी भोंगा गुळण्या करतोय.

करंटवाला:
कर्ण्यांची तोंडं आभाळाकडे असणार. थोडी खाली झुकवा, साचलेलं पाणी आपोआप निथळेल. आणि हात घातलाच आहे तर कॉम्प्रेसर उभा बसलाय का तेही बघा. पत्रकात उभा म्हटलं असेल तर उभाच.

गीअरबॉक्स:
आडवा आहे. पत्रक डब्यासोबत टाकून दिलं.