ॲपेटाइट म्हणजे भूकच? आणि इन्सुलिन ‘स्रवतं’ की ‘सुटतं’?

मांजराकाठ: लातूरच्या एका दवाखान्यासाठी मधुमेहाचं पत्रक मराठीत करतेय. मूळ इंग्रजीत हंगर (पोटाची भूक) वेगळं, ॲपेटाइट (खाण्याची इच्छा) वेगळं. दोन्हीला ‘भूक’ लिहिलं की पुढचा मजकूर कोलमडतो. जेवणाच्या नुसत्या वासानं, चवीनं मेंदू व्हेगस नर्व्हमार्फत (मेंदूतून पोटापर्यंत जाणारी नस) स्वादुपिंडाला कळवतो आणि साखर रक्तात पोचायच्या आधीच थोडं इन्सुलिन स्रवतं, असं त्यात आहे. ‘क्षुधा’ लिहू का? सासूबाई म्हणतात, कोण वाचणार ते!

परभणीवाला: ‘वासना’ लिहा. आमच्याकडं आजारी माणूस म्हणतो, भूक हाय, पण अन्नावर वासना नाही.

शुद्धमती: दवाखान्याच्या पत्रकात वासना? लोक हसतील. ‘अन्नेच्छा’ घ्या. शिवाय भुकेशी संबंधित सगळ्या द्रव्यांना सरसकट ‘मेंदूतली रसायनं’ म्हणू नका. भूक लावणारं घ्रेलिन मुख्यतः जठरात तयार होतं, ती शमवणारं लेप्टिन चरबीत, ती संप्रेरकं (हॉर्मोन्स). सेरोटोनिन मेंदूत चेतापारेषक, म्हणजे चेतापेशींमध्ये निरोप नेणारं रसायन.

परभणीवाला: चेतापारेषक आमच्या कंपाउंडरलाही कळायचा नाही.

गोठ्यातला: ‘स्रवतं’पेक्षा ‘सुटतं’ बरं, तोंडाला पाणी सुटतं तसं. माझं मत विचाराल तर खरा शब्द पान्हा. वासरू दिसलं की गाय पान्हवते, सडाला तोंड लागायच्या आधी. पान्हा आणणारं संप्रेरक ऑक्सिटोसिन मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागातच बनतं, जिथं भुकेचाही कारभार चालतो. परका माणूस धारेला बसला की गाय पान्हा चोरते. भेदरल्यावर ॲड्रेनालिन इन्सुलिनलाही असंच आवरून धरतं.

शुद्धमती: स्वादुपिंडाला पान्हा! उपमा म्हणून ठीक, परिभाषा म्हणून नाही.

कोशकिडा: पान्हा ‘पाणी’वरूनच आला ना?

गोदातीर: नाही हो. संस्कृत ‘प्रस्नव’, प्राकृत ‘पण्हव’.

कोशकिडा: मग चेतापारेषक कुठल्या प्राकृतातून उतरला?

शुद्धमती: परिभाषा घडवावी लागते, उतरत नाही. ‘संप्रेरक’लाही आधी नाकं मुरडली होतीच की.

मांजराकाठ: बरं, ‘न्यूरोपेप्टाइड वाय (मेंदूतलंच एक द्रव्य) भूक चेतवतं, सेरोटोनिन ती आवरतं’ हे वाक्य कसं वाटतं?

गोठ्यातला: आता पान्हा फुटायची वाट बघतंय कोण? त्याच ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन टोचतात अन् बसतात धारेला.

परभणीवाला: तुमच्याकडं टोचत असतील. आमच्याकडं पुढ्यात पेंड ठेवतात, आंबोणच ते.

गोदातीर: पेंड आणि आंबोण एक नव्हे. आंबोण भिजवलेलं असतं.